कधी पास, कधी फेल : डेटाबेस टेस्ट आणि फायलींचा घोळ

या वेळी सोलापूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत : कोडला हात लावलेला नाही, तरी डेटाबेसच्या टेस्ट कधी पास होतात, कधी फेल. म्हणून या अंकातलं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव पुसलं म्हणून फाइल गेली असं होत नाही, आणि कोडमध्ये काम संपलेलं दिसलं म्हणून फाइल सुटली असंही होत नाही. खालच्या बहुतेक भानगडी या दोन समजुतींमधूनच निघालेल्या आहेत.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी डाळिंब बागायतदारांचं हिशेबाचं ॲप करतो आहोत. पायथन, एसक्यूलाइट (साध्या फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) आणि पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन), लॅपटॉप विंडोजचे. प्रत्येक टेस्ट संपली की आम्ही डेटाबेसची फाइल डिलीट करतो. मधूनच ‘विनएरर ३२’ येते आणि त्यानंतरच्या टेस्टही धडाधड फेल होतात. गाइड सरांचं म्हणणं, डिलीट करण्याआधी अर्ध्या सेकंदाचा स्लीप टाका. टाकावा का?
— विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : टाकू नका. आधी फाइल कोणी धरून ठेवली आहे ते शोधा. ३२ क्रमांकाची एरर म्हणजे ‘शेअरिंग व्हायोलेशन’ : कोणाकडे तरी ती फाइल उघडी आहे आणि उघडताना त्यानं इतरांना डिलीटची मुभा दिलेली नाही. हा ‘कोणीतरी’ तुमचाच प्रोग्राम असेल, नाहीतर बाहेरचा. दोघांत फरक करायची सोपी रीत अशी : डिलीट फसलं की दर पाव सेकंदानं दहा सेकंदांपर्यंत पुन्हा प्रयत्न करणारं तात्पुरतं फंक्शन लिहा आणि कितव्या प्रयत्नाला यश आलं ते लॉगमध्ये छापा. एक-दोन सेकंदांत फाइल सुटली तर बहुधा बाहेरचा. दहा सेकंदांतही सुटली नाही तर बहुधा घरचाच.

घरच्याचं कारण तुमच्या बाबतीत बहुतेक हे असेल. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये ‘विथ’ ब्लॉक कनेक्शन बंद करत नाही. ब्लॉक संपल्यावर तो फक्त व्यवहार पूर्ण करतो, म्हणजे कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द). कनेक्शन उघडंच राहतं. एरवी फंक्शन संपलं की तो व्हेरिएबल जातो, पायथन लगेच कनेक्शन मोकळं करतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण टेस्ट फेल झाली की ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याची नोंद) त्या फंक्शनची सगळी फ्रेम, म्हणजे त्यातली व्हेरिएबल, धरून ठेवतो, फ्रेममध्ये कनेक्शन, कनेक्शनमध्ये फाइल. मग डिलीट अडतं आणि पुढची टेस्ट जुन्याच फाइलवर चालते. म्हणजे एक खरी चूक तिच्यामागे दहा खोट्या एरर लावून देते. तुमच्या ‘धडाधड’चा अर्थ हाच असावा. लॉगमधली पहिली एररच वाचा, बाकीच्या तूर्त सोडा.

उपाय : कनेक्शन फिक्श्चरमध्ये (टेस्टआधी तयारी आणि नंतर आवराआवर करणाऱ्या फंक्शनमध्ये) उघडा आणि ‘यील्ड’नंतर स्पष्ट ‘क्लोज’ लिहा, किंवा कॉन्टेक्स्टलिबमधलं ‘क्लोजिंग’ वापरा. पायथन ३.१३पासून न मिटलेल्या कनेक्शनबद्दल रिसोर्सवॉर्निंग येते. पायथन डेव्हलपमेंट मोडमध्ये चालवला तर ती डोळ्यांना दिसते. तुमचे मित्र डॉटनेटमध्ये काम करत असतील तर त्यांनाही सांगा : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीत ६.० आवृत्तीपासून कनेक्शन पूलिंग, म्हणजे कनेक्शन पुन्हा वापरायला राखून ठेवणं, आलं. तिथे ‘क्लोज’ म्हटल्यावरही फाइल पूलमध्ये उघडी राहते. डिलीटआधी ‘क्लिअर ऑल पूल्स’ बोलवावं लागतं.

आता बाहेरचे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ‘प्रोसेस मॉनिटर’ उतरवून घ्या. फिल्टरमध्ये दोन अटी टाका : ‘पाथ’मध्ये तुमच्या डेटाबेस फाइलचं नाव असलेल्या नोंदी, आणि ‘रिझल्ट’ सक्सेस नसलेल्या. टेस्ट फेल होईपर्यंत चालू ठेवा. ‘शेअरिंग व्हायोलेशन’ची ओळ सापडली की तिची वेळ टिपा, मग दुसरी अट काढून त्याच फाइलवर त्या क्षणाच्या जरा आधी कोणत्या प्रोसेसनं ‘क्रिएट फाइल’ केलं ते बघा. एमएसएमपीइंजी दिसलं तर विंडोज डिफेंडर, सर्चइंडेक्सर किंवा सर्चप्रोटोकॉलहोस्ट दिसलं तर शोधसूची बनवणारी सेवा, वनड्राइव्ह दिसलं तर ते उघडच आहे. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर तिसरं फार आढळतं, कारण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेलेली असतात आणि प्रोजेक्ट तिथेच ठेवलेला असतो. प्रोजेक्ट तिथून हलवा. डिफेंडरला वगळायचंच असेल तर फक्त टेस्टचं तात्पुरतं फोल्डर वगळा, अख्खी सी ड्राइव्ह नको.

एक पोटभेद सांगायला हवा. बाहेरच्यानं डिलीटची मुभा देऊन फाइल उघडली असेल तर तुमचं डिलीट यशस्वी होतं, पण शेवटचं हँडल (उघड्या फाइलवरची पकड) मिटेपर्यंत ते नाव फोल्डरमध्ये अडकून राहू शकतं. त्याच नावानं नवी फाइल करायला गेलात की ५ क्रमांकाची ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. विंडोज १०च्याच पुढच्या आवृत्त्यांत आणि ११मध्ये, एनटीएफएस डिस्कवर, डिलीट केल्यावर नाव लगेच सुटतं. त्यामुळे एकाच वर्गातल्या एका लॅपटॉपवर ही एरर येते, शेजारच्यावर येत नाही.

यावर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे तेच नाव पुन्हा वापरूच नका. पायटेस्टचं ‘टीएमपी पाथ’ फिक्श्चर प्रत्येक टेस्टला वेगळं फोल्डर देतं आणि मागच्या तीन वेळच्या रनची फोल्डर तशीच ठेवतं. टेस्ट संपताक्षणी डिलीट करण्याची घाईच उरत नाही.

पुन्हा प्रयत्न करणं मुळात चूक आहे असं मात्र समजू नका. अँटिव्हायरसवर तुमचा ताबा नसतो, आणि डेटाबेस स्वतःही हेच करतात. एसक्यूलाइट विंडोजवर अडलेलं वाचन, लेखन किंवा डिलीट १० वेळा पुन्हा करून बघतं : पहिल्यांदा २५ मिलिसेकंद थांबून, पुढे दर खेपेला २५नं वाढवत, म्हणजे एकूण सुमारे १.४ सेकंद. पोस्टग्रेस (सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस) विंडोजवर नाव बदलताना किंवा फाइल काढताना ०.१ सेकंदाच्या अंतरानं १०० वेळा, म्हणजे १० सेकंद, वाट बघतं. स्लीप दरवेळी वेळ खातो आणि तरी हमी देत नाही. मर्यादा घातलेला रीट्राय गरज पडली तरच वेळ घेतो, आणि मर्यादा संपली की खरी एरर पुढे येते. फक्त लक्षात घ्या, एसक्यूलाइटचा हा रीट्राय त्याच्या स्वतःच्या कामांपुरता आहे. तुमच्या स्क्रिप्टमधल्या ‘रिमूव्ह’ला तो लागू नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही सूत आणि बीमच्या साठ्याचं सॉफ्टवेअर देतो. टेस्टसाठी टेबलं भरलेला एक नमुना डेटाबेस ठेवला आहे. प्रत्येक टेस्टआधी स्क्रिप्ट तो कॉपी करून ‘टेस्ट.डीबी’ नावानं ठेवते. सर्व्हर लिनक्सचा, एसक्यूलाइट वॉल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये. कधी ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ येतं, कधी ‘नो सच टेबल’. डिस्क बदलली, रॅम तपासली, काही उपयोग नाही.
— सॉफ्टवेअर सेवा देणारे वाचक, अशोक चौक

उत्तर : डिस्क निर्दोष आहे. दोन एररची दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्ही त्या कॉपीच्या ओळीत दडलेली आहेत.

वॉल मोडमध्ये एसक्यूलाइटचा डेटाबेस एका फाइलचा नसतो. मुख्य फाइलशेजारी तिच्याच नावापुढे ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ लागलेल्या दोन फायली असतात. नवे बदल आधी वॉलमध्ये लिहिले जातात आणि नंतर चेकपॉइंटच्या वेळी मुख्य फाइलमध्ये जातात. शेवटचं कनेक्शन नीट मिटलं तर चेकपॉइंट होतो आणि दोन्ही जोडफायली काढून टाकल्या जातात. सगळं सुरळीत असतं तेव्हा तुम्हाला त्या दिसतही नाहीत.

आता एखादी टेस्ट वेळेची मर्यादा ओलांडते आणि रनर (टेस्ट चालवणारा प्रोग्राम) तिला ‘किल’ करतो. जुनी वॉल फाइल मागे राहते. पुढच्या टेस्टआधी तुमची स्क्रिप्ट नमुना कॉपी करून मुख्य फाइल बदलते, वॉलला हात लावत नाही. एसक्यूलाइट उघडतं तेव्हा शेजारी वॉल दिसते. तिच्या माथ्यावरचे सॉल्ट (ओळखीचे आकडे) आतल्या फ्रेमशी (बदललेल्या पानांच्या नोंदींशी) जुळतात, चेकसम (मजकूर शाबूत असल्याची पडताळणी) बरोबर येतात. ती कोणत्या मुख्य फाइलची, याची नोंद मात्र तिच्यात कुठेच नसते. म्हणून एसक्यूलाइट प्रामाणिकपणे जुन्या डेटाबेसची पानं नव्यावर चढवतं आणि इंडेक्स एका काळातला, टेबल दुसऱ्या काळातलं असा गोंधळ होतो. ‘मालफॉर्म्ड’ तेच सांगतं आहे. आदल्या टेस्टला ‘किल’ झालं होतं तेव्हाच हे घडतं, म्हणून ते अधूनमधून. मुख्य फाइल रिकामी असती तर एसक्यूलाइटनं उरलेली वॉल टाकून दिली असती. नमुना भरलेला आहे, म्हणून फसगत होते. जुन्या पद्धतीच्या ‘-जर्नल’ फाइललाही हेच लागू आहे.

‘नो सच टेबल’ याच्या उलट बाजूनं येतं. नमुना बनवणारी प्रोसेस अजून चालू असते, तिचं कनेक्शन उघडं असतं. आपोआप होणारा चेकपॉइंट वॉल १००० पानांची झाल्यावर होतो. दोन-चार टेबलं वाढवली तर तेवढी पानं भरत नाहीत, म्हणजे नवी टेबलं वॉलमध्येच राहतात. तुम्ही फक्त मुख्य फाइल कॉपी केलीत की ती टेबलं मागेच राहिली.

करायचं ते असं. नमुना तयार झाला की सगळी कनेक्शनं मिटवा आणि शेजारी ‘-वॉल’ उरलेली नाही हे स्क्रिप्टमध्येच तपासा. उरली असेल तर बिल्ड तिथेच थांबवा. प्रत फाइल-कॉपीनं न काढता ‘व्हॅक्यूम इंटू’ कमांडनं किंवा बॅकअप एपीआयनं काढा. ‘व्हॅक्यूम इंटू’ २०१९च्या ३.२७.० आवृत्तीपासून आहे आणि चालू डेटाबेसचीही सुसंगत, एकसंध प्रत देतं. आणि प्रत नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवा. तिन्ही फायली पुसणारी स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण पुसणाऱ्या स्क्रिप्टलाही कधीतरी मधेच ‘किल’ येतं.

तुमच्या टेस्टमध्ये आणखी एक सापळा असू शकतो, म्हणून सांगतो. लिनक्सवर एसक्यूलाइट पॉसिक्स लॉक वापरतं आणि या लॉकचा नियम विचित्र आहे : एका प्रोसेसनं तीच फाइल दुसऱ्या वाटेनं उघडून मिटवली, की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे लॉक सुटतात. समजा टेस्टमध्ये ‘फाइल बदलली का’ हे बघायला तुम्ही ‘टेस्ट.डीबी’ साध्या ‘ओपन’नं उघडून तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढता आणि मिटवता. त्या क्षणी एसक्यूलाइटला वाटतं आपल्याकडे लॉक आहे, प्रत्यक्षात नाही. दुसरी प्रोसेस नेमकी तेव्हाच लिहायला आली तर डेटाबेस बिघडतो. एसक्यूलाइट स्वतःच्या कनेक्शनपुरतं हे सांभाळतं, तुमच्या ‘ओपन’बद्दल त्याला काही कळत नाही. हॅश काढायचाच असेल तर वेगळ्या प्रोसेसमधून काढा. तसंच कनेक्शन उघडं असताना ‘फोर्क’ करून (प्रोसेसची प्रत काढून) तेच कनेक्शन मुलाच्या प्रोसेसमध्ये वापरू नका.

प्रश्न : आमच्या टीममध्ये फेल झालेली टेस्ट आपोआप तीनदा चालवायची पद्धत आहे. बिल्ड हिरवा राहतो, कामही अडत नाही. यात वाईट काय?
— टेस्टिंग करणारी वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आकडा मांडून बघा. समजा एखादी टेस्ट २०त एकदा फेल होते. तीन संधी दिल्या तर तिन्ही वेळा फेल होण्याची शक्यता ८०००त एक. म्हणजे दोष होता तेवढाच आहे, तो दिसणं चारशे पटींनी कमी झालं. आणि ग्राहकाकडे सॉफ्टवेअर तीनदा चालत नाही. फेरचाचणी ठेवायचीच असेल तर ‘दुसऱ्या खेपेला पास’ ही नोंद वेगळी जमवा आणि दर आठवड्याला कोणीतरी ती वाचेल अशी सोय करा.

याच आकड्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. ‘आता दुरुस्त झालं’ हे कधी म्हणायचं? पाच-सहा वेळा पास झाली म्हणून आपण समाधान मानतो. २०त एकदा फेल होणारी टेस्ट काहीही न बदलता सलग सहा वेळा पास होण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के आहे! ९५ टक्के खात्री हवी असेल तर ती सलग ५९ वेळा पास व्हायला हवी, ९९ टक्के हवी असेल तर ९० वेळा. रात्री लूप लावून ठेवा आणि मशीनवर मुद्दाम भार टाका, म्हणजे कोरच्या दुप्पट प्रोसेस आणि शेजारी डिस्कवर मोठी कॉपी चालू. फायलींचे दोष वेळेच्या फटीत लपतात. भार पडला की फट रुंदावते.

प्रश्न : मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) स्क्रिप्ट फोल्डरमधून वाचून क्रमानं चालवतो. माझ्या विंडोजवर नेहमी पास. लिनक्सच्या दोन सर्व्हरपैकी एकावर पास, एकावर फेल. कोड तोच.
— वाचक, होटगी रोड

उत्तर : फोल्डरमधली यादी क्रमानं मिळते हे गृहीत चुकीचं आहे. विंडोजचं एनटीएफएस नावांच्या क्रमानं देतं, त्यामुळे तुमच्याकडे चूक झाकली जाते. लिनक्सवरचं ईएक्सटी४ नावांच्या हॅशप्रमाणे देतं आणि त्या हॅशचं बीज प्रत्येक फाइलसिस्टिमचं वेगळं असतं, म्हणून दोन सर्व्हरवर दोन क्रम. यादी वाचली की स्वतः सॉर्ट करा. आणि सॉर्ट अक्षरांनी होतो, म्हणून ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो, फायलींना ‘०००२’, ‘००१०’ असे चार अंकी क्रमांक द्या.

प्रश्न : पोस्टग्रेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालवतो. वर्षाच्या विक्रीच्या रिपोर्टची टेस्ट कधीकधी ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट … नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून पडते. डिस्कवर भरपूर जागा आहे.
— चादर व्यापारासाठी सॉफ्टवेअर करणारे वाचक, नवी पेठ

उत्तर : ‘डिव्हाइस’ म्हणजे तुमची डिस्क नव्हे. पॅरलल क्वेरीच्या (एकच क्वेरी अनेक प्रोसेस मिळून चालवतात तिच्या) वेळी पोस्टग्रेस आपल्या कामगार प्रोसेसशी बोलण्यासाठी ‘डेव्ह-एसएचएम’ या मेमरीतल्या फोल्डरमध्ये फायली करतं, आणि डॉकर कंटेनरला ते फोल्डर मुळात फक्त ६४ एमबीचं देतं. क्वेरी पॅरलल चालवायची की नाही हे प्लॅनर टेबलाचा आकार आणि आकडेवारी बघून ठरवतो. ‘ॲनालाइज’ (ही आकडेवारी गोळा करणं) होऊन गेलं असेल तर एक प्लॅन, नसेल तर दुसरा. दोन टेस्ट एकाच वेळी चालल्या तर तीच जागा दोघींत वाटली जाते. अधूनमधून होण्याचं कारण हेच.

कंटेनर चालू करताना ‘एसएचएम-साइझ’ २५६ एमबी किंवा जास्त द्या. कंपोज फाइलमध्येही ही नोंद करता येते. टेस्ट चालू असताना कंटेनरच्या आत ‘डीएफ’नं (भरलेली-मोकळी जागा दाखवणारी कमांड) त्या फोल्डरचा वापर बघून आकडा ठरवा. पॅरलल कामगार शून्य करूनही एरर जाते, पण मग ग्राहकाकडे जो प्लॅन चालणार आहे तो तुम्ही तपासतच नाही.

प्रश्न : काही ब्रांचचेच बिल्ड फेल होतात : पोस्टग्रेस सुरूच होत नाही. ब्रांचमध्ये डेटाबेसचा एकही बदल नाही.
— वाचक, सात रस्ता

उत्तर : त्या ब्रांचची नावं लांबलचक आहेत का बघा. टेस्टचं फोल्डर ब्रांचच्या नावावरून बनत असेल आणि युनिक्स सॉकेट (प्रोग्रामनं सर्व्हरशी बोलायची खास फाइल) त्याच फोल्डरमध्ये असेल, तर लिनक्सवर त्याचा पूर्ण पाथ १०७ बाइटपेक्षा मोठा चालत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो लॉग सहसा कोणी जपून ठेवत नाही. सॉकेटसाठी ‘टेम्प’मध्ये छोट्या नावाचं वेगळं फोल्डर करा.

प्रश्न : उन्हाळ्यात वीज जाते-येते, त्यामुळे आमचे ग्राहक ‘लाइट गेली तर नोंदी राहतील ना’ हेच आधी विचारतात. आम्ही टेस्टमध्ये लिहिता लिहिता ‘किल -९’ देतो आणि नंतर डेटा तपासतो. एवढं पुरेसं आहे का? आणि वेग वाढवायला टेस्टमध्ये एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पोहोचवून मगच पुढे जाणं) बंद ठेवलं तर चालेल का?
— पोस्टग्रेस वापरणारे वाचक, सोलापूर

उत्तर : पुरेसं नाही. ‘किल -९’नं प्रोसेस मरते, पण तिनं लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) सुरक्षित असतं आणि यथावकाश डिस्कवर जातं. कोडमध्ये एफसिंक अजिबात नसला तरी ही टेस्ट पास होईल. वीज जाते तेव्हा पेज कॅशच जाते. ते तपासायचं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये डेटाबेस चालवा, बाहेरून नोंदी टाकत राहा, ज्या नोंदीला ‘कमिट झालं’ असं उत्तर आलं तिचा क्रमांक बाहेरच्या मशीनवर लिहून ठेवा आणि मधेच मशीनची पॉवर तोडा, ‘शटडाउन’ नको. पुन्हा चालू केल्यावर लिहून ठेवलेला प्रत्येक क्रमांक सापडलाच पाहिजे. आणखी खोलात जायचं असेल तर लिनक्सचे ‘डीएम-फ्लेकी’ आणि ‘डीएम-लॉग-राइट्स’ ही डिव्हाइस-मॅपर टार्गेट याच कामासाठी आहेत.

तुमचा स्वतःचा कोड फायली लिहीत असेल, उदाहरणार्थ बिलांची निर्यात, तर तिथेही बघा. नव्या फाइलचा एफसिंक केला तरी तिचं नाव फोल्डरमध्ये टिकेल याची हमी मिळत नाही. फोल्डरचाही एफसिंक लागतो, आणि फाइलचं नाव बदलल्यावरही. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशपर्यंतच पोहोचतो. तिथे ‘एफ-फुलएफसिंक’ लागतो.

एफसिंक फेल झाला तर पुन्हा करून बघू नका. पहिल्या उत्तरात रीट्रायची बाजू घेतली होती, इथे ती घातक आहे. लिनक्समध्ये एफसिंक फसल्यावर कर्नल ती पानं ‘लिहिली गेली’ असं धरू शकतं, आणि दुसरा एफसिंक यशस्वी होतो, डेटा डिस्कवर नसतानाही. पोस्टग्रेसच्या मंडळींना हे २०१८ साली लक्षात आलं. २०१९च्या फेब्रुवारीत जुन्या आवृत्त्यांची दुरुस्ती आली आणि तेव्हापासून एफसिंक फसला की पोस्टग्रेस मुद्दाम क्रॅश होऊन आपल्या वॉलमधून (बदलांच्या नोंदवहीतून) सावरतं.

वेगासाठी म्हणाल, तर रोजच्या टेस्टच्या डेटाबेसवर ‘एफसिंक’, ‘सिंक्रोनस कमिट’ आणि ‘फुल पेज राइट्स’ बंद ठेवायला हरकत नाही. तो डेटा तसाही टाकूनच द्यायचा असतो. त्यासाठी स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल ठेवा आणि ग्राहकाचा सर्व्हर उभा करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे तिन्ही चालू आहेत का याची तपासणी घाला. वीज तोडायची टेस्ट मात्र तिन्ही चालू ठेवूनच करा.

प्रश्न : एकेकटी टेस्ट चालवली की पास. सगळ्या एकत्र चालवल्या की शेवटी शेवटी ‘टू मेनी ओपन फाइल्स’, आणि दर वेळी वेगळीच टेस्ट पडते. शिवाय ‘डीयू’ (फोल्डरचा आकार मोजणारी कमांड) म्हणतं फोल्डर रिकामं, ‘डीएफ’ म्हणतं डिस्क भरली. मर्यादा वाढवून टाकू का?
— वाचक, पंढरपूर रस्ता

उत्तर : दोन्ही लक्षणं एकाच गळतीची आहेत. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ फायली एका वेळी उघड्या ठेवता येतात. पडणारी टेस्ट दोषी नसते; तिच्या वाट्याला १०२५वी फाइल आली एवढंच. टेस्टचा क्रम बदलला की बळी बदलतो.

लिनक्समध्ये उघडी फाइल डिलीट करता येते. नाव जातं, मजकूर आणि डिस्कवरची जागा हँडल मिटेपर्यंत तशीच राहते. म्हणून ‘डीयू’ला ती दिसत नाही, ‘डीएफ’ला दिसते. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ हा पर्याय देऊन चालवा : नाव गेलेल्या पण कोणीतरी धरून ठेवलेल्या फायलींची यादी येईल, प्रोसेसच्या क्रमांकासह. तिथे तुमच्या जुन्या टेस्टचे डेटाबेस ओळीनं बसलेले दिसतील.

याच कारणानं एक फसवी एररही येते. बॅकग्राउंडचा थ्रेड अजून चालू असताना टेस्ट डेटाबेस डिलीट करून त्याच नावानं नवा बनवते. थ्रेड जुन्या, बेनाम फाइलमध्ये लिहितो, टेस्ट नव्या फाइलमध्ये शोधते. दोघांचा पाथ अक्षरशः एकच, डेटाबेस दोन. ‘नोंद सापडली नाही’ म्हणून तुम्ही क्वेरी तपासत बसता. खात्री करायची तर दोन्हीकडून फाइलचा आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिमनं फाइलला दिलेला ओळखक्रमांक) छापा. थ्रेडच्या बाजूचा त्याच्या उघड्या हँडलवरून घ्या, पाथवरून घेतलात तर नव्याच फाइलचा मिळेल. आकडे वेगळे आले तर क्वेरीला दोष देऊ नका, डिलीट करण्याआधी थ्रेड संपण्याची वाट बघा.

गळती शोधण्यासाठी प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर ‘प्रॉक’मधल्या तुमच्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमध्ये किती नोंदी आहेत ते मोजून छापा. पहिल्या एक-दोन टेस्टनंतर आकडा थोडा वाढणं साहजिक आहे, लॉग आणि पूल तेव्हा उघडतात. पुढे ज्या टेस्टनंतर आकडा वाढतो आणि खाली येत नाही, ती पकडा. त्या फोल्डरमधल्या दुव्यांवरून फाइलचं नावही कळेल. हाच आकडा टेस्टच्या शेवटी तपासणारी कायमची अट फिक्श्चरमध्ये घातली तर नवी गळती त्याच दिवशी सापडेल. मर्यादा ‘युलिमिट’नं वाढवायची ती गळती बंद केल्यानंतर, आणि तेव्हाही पॅरलल टेस्टना खरोखर तेवढ्या फायली लागत असतील तरच.